राख झालेली पिशवी आणि आमच्या वन्सं

शेवटचं भेटले तेव्हा वन्संच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, हाताला सलाईन होतं आणि त्या भांडत होत्या. खरंच सांगते! मला बघताच त्यांनी हात उचलला. मला वाटलं, जवळ बोलावतात, डोळे भरून आले माझे. जवळ गेले तर हातानंच खूण, सर बाजूला, सर! माझ्यामागं कोपऱ्यात कचऱ्याचे डबे होते आणि मी त्यांच्या आड येत होते. नर्स धावत आली, तिला वाटलं बाईंना उलटी होतीय, तिनं भांडं पुढं केलं. वन्संनी मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "उलटी नाय गं पोरी. ती सुई तू पिवळ्या पिशवीत टाकलीस. सुई पांढऱ्या डब्यात जाते." पोरगी ओशाळली, चिमट्यानं सुई उचलून पांढऱ्या डब्यात टाकली, मास्क जागेवर गेला आणि मग कुठं माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवत होते तर दवाखान्यातून आमच्या ह्यांचा फोन... "अक्का गेली." चहा उतू गेला, मी तशीच उभी.

आता दीड महिना झाला. वकीलमंडळींनी शोकसभा घेतली, त्यात सगळे इतकं गंभीर बोलले की मला वाटलं, अरे, ही कुणाबद्दल बोलतायत माणसं? म्हणून हे लिहायला बसले. ॲडव्होकेट इंदुमती म्हणजे माझी थोरली नणंद. पोलीस ॲक्शननंतर चार-दोन वर्षांत जन्मलेली. मामंजी निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, तहसिलीत कारकून. त्यांच्या मांडीवर बसून वन्संनी 'मुद्दई', 'फैसला', 'मिसल' हे कोर्टकचेरीतले शब्द ऐकले ते शेवटपर्यंत तोंडात राहिले. लग्न मोडून वर्षाच्या आत माहेरी आल्या तेव्हा मामंजी म्हणाले, रडून झालं असेल तर कायदा शीक. शिकल्या! मी सून म्हणून घरात आले तेव्हा त्या काळा कोट घालून रिक्षात बसत होत्या आणि मी पदर सावरत त्यांचा डबा भरत होते. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचंही पटत नव्हतंच; पण एकीला करमायचं नाही दुसरीवाचून. मी शाळेतल्या पोरांना ओरडून घरी यायचे आणि मग त्या मला ओरडायच्या.

सगळं सांगत बसले तर पुरवणी पुरायची नाही. मी एकच सांगते, चांगुणाची केस. कारण वन्संना मी तेव्हा जितकं खुशीत बघितलं तितकं ना आधी बघितलं, ना नंतर.

चांगुणा मेंढपाळाची बाई. फुलंब्रीकडच्या माळावर, आमच्या शेतीच्या गावालगतच, त्यांचा कळप. एका उन्हाळ्यात भर दुपारी आमच्या शहरातल्या घराच्या पायरीवर येऊन बसली, काखेत गाठोडं. "वकीलबाई हाय का?" वन्सं बाहेर आल्या तर तिनं गाठोडं सोडलं. आत सलाईनच्या नळ्या, रक्ताळलेला कापूस, दोन-तीन सुया. मी किंचाळले, "अगं बाई, फरशीवर नको ठेवूस!" वन्सं मात्र उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "कुठं सापडलं?"

आमच्या भागात पिकं निघाली की मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप शेतात राहतो, लेंड्या-मुतानं जमीन सुधारते आणि त्याबदल्यात शेतकरी मेंढपाळाला ज्वारी-बाजरी देतो. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. चांगुणाचं वर्षाचं दाणापाणी त्यावरच. आता झालं असं, की मेंढरांना पाणी पाजायची जी जुनी दगडाची खदान, तिथं कुणीतरी रातोरात दवाखान्याचा कचरा आणून टाकू लागलं. मेंढरं त्यातून चालायची, नळ्या-सुया लोकरीत अडकायच्या आणि कळप जिथं बसेल त्या रानात पडायच्या. एका शेतकऱ्याच्या बायकोच्या पायात सुई मोडली. झालं! गाव म्हणालं, मेंढरांनी दवाखाना आणला शेतात, यांना कुणी बसवायचं नाही. "बाई, समद्यांनी बांधावरूनच हाकललं," चांगुणा म्हणाली. "मेंढरं इकायची पाळी आली. मेंढरं गेली तर आमी काय करावं? आमाला दुसरं काय येतंया का?" ती रडत नव्हती, चिडली होती. वन्संना चिडलेले अशील फार आवडायचे. म्हणायच्या, रडणारा माणूस तारखेला थकतो, चिडलेला टिकतो.

हायकोर्टात याचिका दाखल झाली. कचरा बहुतेक शहरातल्या एका बड्या खासगी दवाखान्याचा होता. नाव लिहीत नाही, वन्संनी केस संपल्यावर कधी तोंडातून काढलं नाही, मी कशाला काढू? दवाखान्यानं उत्तर दिलं ते असं गुळगुळीत, की हात ठेवावा तर सटकावा. आमची प्रत्येक पिशवी मोजून, नोंदवून कचरा जाळायच्या कारखान्यात जाते, तिथं तिची राख होते, खदानीतला कचरा आमचा नव्हेच. आणि खदानीत बघावं तर सगळं फाटलेलं, चिखलात कालवलेलं. नाव ना गाव. जजसाहेब म्हणाले, कचरा आहे हे दिसतंय, कुणाचा आहे ते दाखवा. त्या दिवशी वन्सं घरी येऊन जेवल्या नाहीत. मी पिठलं-भाकरी पुढं ठेवली तर म्हणाल्या, "मंगल, चोर समोर उभाय आणि त्याच्या अंगावर त्याचं नाव लिहिलेलं नाही!"

आणि काय सांगू, लिहिलेलं होतं! दुसऱ्याच रविवारी आम्ही दोघी चांगुणाच्या पालावर गेलो. मला नेलं होतं कारण त्यांचे गुडघे दुखायचे आणि माझा खांदा लागायचा. चांगुणानं चहा केला, दूध मेंढीचं. वन्संची नजर पालाच्या आडव्या काठीवर गेली आणि कप हातातच थांबला. काठीला एक पिवळी, जाड प्लास्टिकची पिशवी टांगली होती, आत मेंढरांना चाटायला द्यायचं मीठ. त्या पिशवीवर छापील चिठ्ठी. दवाखान्याचं नाव, वॉर्ड, क्रमांक आणि त्या काळ्या रेघारेघांचा पट्टा. पावसात न भिजणारं मजबूत प्लास्टिक म्हणून यांनी खदानीतनं उचलून, झटकून वापरायला काढलेली! वन्सं उभ्या राहिल्या, गुडघे विसरून. मी म्हटलं, घ्या की पटकन. तर माझ्याच हातावर फटका. "वेडी का काय? मी हात लावला तर म्हणतील वकिलानंच आणून टांगली. पंच लागतील, तलाठी लागेल, रीतसर पंचनामा व्हायला हवा." मग चांगुणाकडं वळून एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "बाई, ही कोर्टात जज्जासमोर जाणार आहे. उद्या आम्ही येतो. तोवर जिवापाड सांभाळ." चांगुणानं मान डोलावली. व्हय म्हणाली. चेहरा कसा पाटावर बसलेल्या मानकरणीसारखा झाला तिचा.

दुसऱ्या दिवशी तलाठी, दोन पंच, मी, वन्सं, अशी वरात पालावर. चांगुणानं धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली पिशवी आणून दोन्ही हातांनी पुढं केली. वन्संनी उघडली... आणि पिशवी अशी लखलखीत, की तोंड बघावं! चिठ्ठी नाही, नाव नाही, रेघा नाहीत. "राखेनं घासली," चांगुणा कौतुकानं म्हणाली. "चिकट कागूद व्हता, लई घट, पन काढला. जज्जाच्या हातात द्यायची म्हनल्यावर घाण कशी द्यावी बाई?" तलाठी खो खो हसायला लागला. मी रडायच्या बेतात. तीन दिवसांवर तारीख, त्यानंतर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी, आणि तोवर गावानं कुणालाच बसवलं नाही तर मेंढरं बाजारात. वन्संनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हिची खैर नाही. पण त्यांनी चांगुणाचा हात हातात घेतला, "चांगली घासलीस गं. अशी दुसरी हाय का कुणाकडं?"

"हाय की! माझ्या जावंकडं. भिवरीकडं. लेकराला खोळ केलीया तिनं."

"कुठंय ती?"

"पैठणकडं गेली कळप घिऊन. इथं कुनी बसू दीना मंग काय करावं?"

झालं! पंच घरी, तलाठी घरी आणि आम्ही तिघी पैठणच्या एसटीत. मी म्हणत होते, अहो वन्सं, धरणाखालचा एवढा मुलूख, त्यात एक कळप शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत... पण ऐकतं कोण! पैठणला उतरून जो भेटेल त्याला एकच प्रश्न, मेंढरं कुठं बसलीत? कुणी कालव्याच्या अंगाला म्हणे, कुणी पार शेवगावच्या रस्त्याला. एक जीपवाला मिळाला, तो आम्हाला उसाच्या कडेकडेनं फिरवतोय, वर अवकाळी ढग जमलेले, आणि वन्सं पुढं बसून एखाद्या शिकाऱ्यासारख्या जमिनीकडं बघतायत. "लेंड्या ताज्या आहेत, इकडं वळव!" आयुष्यभर कायद्याची पुस्तकं चाळणारी बाई, आणि लेंड्यांवरून वाट काढतेय! चांगुणा मागं बसून तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसले. हसता हसता गारा टपटपायला लागल्या.

गारांत आम्हाला भिवरी सापडली. कापूस निघालेल्या एका रानात, बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्याच्या पोटाशी उभी, कडेवर तान्हं लेकरू, आणि लेकराच्या डोक्यावरून पाठीपर्यंत पिवळी खोळ! पिशवीचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून केलेली. म्हणजे बाहेरून कोरं पिवळं, आणि चिठ्ठी? चिठ्ठी आत दुमडलेली असणार. वन्संनी पाऊस, चिखल, काही न बघता पुढं होऊन भिवरीलाच खोळीची कड उचलायला लावली, डोकावलं, आणि माझ्याकडं वळून ओरडल्या, "मंगल! आहे! सगळं आहे!" ती आरोळी मला अजून ऐकू येते. एवढ्या मोठ्या केसेस जिंकल्या बाईनं, पण अशी कधी ओरडली नव्हती.

भिवरी मात्र पिशवी देईना. बरोबरच होतं तिचं. "लेकरू भिजंल की माजं! तुमच्या कोर्टाला काय, छप्पर हाय." वन्संनी क्षणभर विचार केला, वळल्या, आणि माझ्या अंगातला नवा कोरा रेनकोट ओढून काढला. माझ्या! स्वतःची छत्री होती की त्यांच्याकडं. मी म्हटलं, अहो, हा मी परवाच घेतलाय. म्हणाल्या, "भावजयीचा असला म्हणजे द्यायला बरा वाटतो." भिवरीनं रेनकोट उलटसुलट करून पाहिला, बटणं मोजली आणि मगच लेकरू बदली केलं. पण त्याआधी त्या गावचा तलाठी फटफटीवर बोलावून घेतला, शेताचा मालक एक पंच, कोतवाल दुसरा, आणि पंचनामा झाला तो असा भर पावसात, घोड्याच्या आडोशाला. तलाठी कुरकुरत होता. वन्संनी त्याला भिवरीच्या हातचा चहा पाजून गप्प केला. मी गारठून कुडकुडत होते, पण खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती.

आता गंमत बघा. वन्संनी पिशवी कोर्टात लगेच दाखवलीच नाही. मोहोरबंद पुडकं आपल्या दप्तरात ठेवून बसल्या आणि तारखेला नुसता अर्ज दिला, की अमुक क्रमांकाच्या पिशवीचं काय झालं ते दवाखान्यानं शपथेवर सांगावं. त्यांच्या वकिलाला वाटलं, म्हातारी हवेत तीर मारतेय. जेवणाच्या सुट्टीनंतर मोठ्या ऐटीत त्यानं वाचून दाखवलं, ही पिशवी अमुक वॉर्डातून निघाली, कारखान्यात पोचली, जाळली, राख झाली. शपथेवर! मी मागच्या बाकावर चांगुणाचा हात धरून बसले होते. बोलणं इंग्रजीत, पण वन्संचं इंग्रजी मराठवाड्याचं, मला सगळं कळत होतं. त्या शांतपणे उठल्या. म्हणाल्या, "साहेब, यांच्या शपथेप्रमाणं हिची राख झाली आहे. ती राख मी सोबत आणली आहे." आणि पुडकं फोडून पिवळी पिशवी टेबलावर ठेवली. नाव, वॉर्ड, क्रमांक, रेघा, सगळं. अहाहा! जजसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पिशवीवरचा क्रमांक स्वतः वाचला. चांगुणानं माझ्या कानात विचारलं, "जितलो का?" मी म्हटलं, गप, जज बघतील. आणि दोघी तोंड दाबून हसायला लागलो.

कोर्टानं कमिशनर नेमला, खदान उकरली, थरावर थर निघाले. दवाखान्याच्या खर्चानं सगळं उपसायचा, कुंपण घालायचा, कळपांसाठी दुसरीकडं पाण्याची सोय करायचा हुकूम झाला. कचरा नेणाऱ्या ठेकेदारावर वेगळी कारवाई. आमचा नेहमीचा रिक्षावाला गेटवरच ओरडला, "क्या हुआ बाई? फैसला हो गया क्या?" वन्सं म्हणाल्या, "हो गया," आणि त्यानं भाडं घेतलं नाही. घरी मी शिरा केला.

पण शिरा खाऊन महिना झाला नाही तोच चांगुणा पुन्हा पायरीवर. खदान साफ झाली, कुंपण लागलं, तरी गाव म्हणतंय, नको. कोर्टाचा हुकूम खदानीला होता, गावाला नव्हता. मेंढरं गेल्या उन्हाळ्यात ज्या दाराशी उभी होती तिथंच यंदाही उभी. "बाई, कागदानं भाकर व्हत नाय," ती म्हणाली. इतका वेळ चिडलेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा रडली. आणि वन्सं, ज्यांना रडणारे अशील आवडत नव्हते, तिच्या शेजारी पायरीवर बसून राहिल्या.

रात्री जेवताना आमच्या ह्यांना म्हणाल्या, "आपल्या फुलंब्रीच्या रानात बसवायची मेंढरं."

हे म्हणाले, "गावाच्या विरोधात? अक्का, मला तिथं जायचं-यायचंय, पेरायचंय. नाही जमणार."

"मग माझा हिस्सा वेगळा करून दे."

हातातला घास हातात राहिला माझा. नणंदेनं हिस्सा मागितला की कुठलीही भावजय आधी मनात एकरं मोजते, मीही मोजली. मामंजी गेल्यावर नातेवाईकांनी कितीदा सुचवलं होतं, बहिणीची हक्कसोडीवर सही घेऊन टाका. ह्यांनी कधी घेतली नाही आणि त्यांनी कधी मागितलं नाही. आणि आता मागतायत ते कुणासाठी, तर मेंढरांसाठी! हे लालबुंद झाले. "वाटणी? आपल्यात?" वन्सं म्हणाल्या, "वाटणी नको रे मला. चार रात्री दे." हात धुताना हे पुटपुटले, "विहिरीकडच्या तुकड्यात बसवा म्हणावं. तिथली जमीन तशीही निबर झालीय." मी भांडी घासता घासता रडले. कसं माणूस होतं ते, आणि कसा भाऊ मिळाला होता त्यांना!

चांगुणाचा कळप विहिरीकडच्या तुकड्यात बसला. शेवटच्या सकाळी मेंढरं उठली तेव्हा बांधावर निम्मं गाव जमलं होतं, तमाशा बघायला. वन्सं शहरातून आल्या त्या काळ्या कोटातच, कोर्टात जायचं होतं पुढं. बांधावर बसल्या, चपला काढल्या, निऱ्या खोचल्या आणि अनवाण्या रानात शिरल्या. गुडघे दुखणारी बाई, ढेकळांतून, लेंड्यांतून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत, मग तिरपी. मी देवाला म्हणत होते, बाबा रे, एक सुई असू देऊ नको, एकच. अर्धं रान झाल्यावर ती पायात सुई मोडलेली शेतकरीण, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं, तिनं नवऱ्याला ढोसलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आता तरी कळलं का? आपल्यात बसवा पुढच्या टायमाला." वन्सं बांधावर आल्या, तळवे वर करून गावाला दाखवले, आणि म्हणाल्या, "आता पाय धुवायला पाणी द्या कुणीतरी." चार घरचे तांबे पुढं आले.

तेव्हापासून दरसाल हा नेम. कळप पहिल्यांदा आमच्या रानात बसायचा आणि उठला की वन्सं अनवाण्या फिरून यायच्या, मगच दुसऱ्यांच्या रानात जायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं, गावानं मनातल्या मनात मान्य केलेलं. मी म्हणायचे, आता पुरे, वय झालं. त्या म्हणायच्या, "हुकूम वर्षातून एकदा तपासावा लागतो, मंगल. नाहीतर सडतो."

गेल्या आठवड्यात कळप आला. चांगुणाला कुणी कळवलंच नव्हतं. ते लोक पार गोदावरीकडं होते. मेंढरं चार रात्री बसली, सांगायचं धाडस गावात कुणाला झालं नाही, आणि आम्ही उठायच्या सकाळी पोचलो तर चांगुणा बांधावर उभी राहून रस्त्याकडं बघत होती. "बाई उशिरा येनार का?" मी सांगितलं. ती मटकन खाली बसली. डोक्यावरचा पदर तोंडात घातला. भिवरीही आली होती, तिचं ते तान्हं आता कळपामागं पळायला लागलंय. पुढच्या रानाचा मालक बांधावर घोटाळत होता. कळप आत घ्यायला काही वळत नव्हता. आणि मेंढरं मध्येच उभी, कुणीकडं जावं कळेना.

मला मधुमेह आहे. डॉक्टरांनी घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितलीय. हे ओरडले, "अगं, काय करतेस!" पण मी चपला काढल्याच. पहिलं ढेकूळ टोचलं तशी जीभ चावली. मी काही वन्संसारखी सरळ चालले नाही. वेडीवाकडी, मध्ये मध्ये थांबत, लेंड्यांवरून घसरत. सगळे बघत होते. निम्म्याच्या पुढं गेले असेन आणि टाचेत कचकन काही घुसलं. जीवच गेला माझा. त्या क्षणाला मला चांगुणा दिसली, मेंढरं दिसली, पुढच्या रानाचा मालक दिसला. मी तिथंच बसले, पाय मांडीवर घेतला, ते उपसलं आणि उन्हात धरलं.

आणि मी ओरडले. अख्ख्या रानाला ऐकू जाईल अशी ओरडले.

"काटाय हो वन्सं! बाभळीचा काटाय!"